एस. टी.ची जागा कोणाची?

एस. टी. महामंडळाच्या मोकळ्या जागा खाजगी भांडवलदारांच्या भागीदारीत बांधकामासाठी द्यावयाच्या, असे धोरण आपल्या सरकारने पूर्वीच ठरविले होते. २०२५ साली त्यात आणखी एक पाऊल पुढे पडले. भाडेपट्ट्याची मुदत ६० वर्षांवरून ४९ अधिक ४९ म्हणजे ९८ वर्षांपर्यंत वाढविण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ९८ वर्षे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ज्याच्या आज्याने जमीन गहाण टाकली आणि ज्याच्या नातवालाही ती सोडविता आली नाही, अशी घरे प्रत्येक गावी आहेत. आज जो पट्टा लिहिला जाईल, त्याचा शेवट पाहण्यास आपल्यापैकी एकही जण असणार नाही, पणतू असतील. म्हणून पणतूंच्या वतीने आजच पाच प्रश्न विचारणे भाग आहे.

ही जागा आली कोठून, हे आधी पाहू. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली सरकारी गाडी सुटली. त्यापूर्वी रस्त्यावर खाजगी मोटारवाल्यांचे राज्य होते. जेथे पैसा तेथे गाडी. जेथे गरीब गाव तेथे पायपीट. हे राज्य मोडून सरकारने वाहतूक आपल्या हाती घेतली, ती नफ्यासाठी नव्हे, तर आडवाटेच्या माणसालाही तालुक्याचा बाजार, कचेरी, दवाखाना आणि शाळा गाठता यावी म्हणून. त्यासाठी गावोगाव आगारे झाली, स्थानके झाली. त्या वेळी यांतील कितीएक जागा गावाबाहेरचे माळ होत्या. पुढे एस. टी. आली म्हणून तेथे बाजार वाढला, पेठ वाढली, आणि माळाचे सोने झाले. हे सोने कोणा शेटजीने पिकविलेले नाही. तिकिटाचा पैसा देणाऱ्या प्रवाशाने, रात्रीच्या मुक्कामाला गाडीतच अंग टाकणाऱ्या चालक-वाहकाने आणि कर भरणाऱ्या रयतेने ते पिकविले आहे.

जागा पडीक ठेवावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पडीक जमिनीत तण माजते, हे आम्ही जाणतो. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली, तेव्हा स्थानकांच्या आवारात वर्षानुवर्षे सडत पडलेल्या निकामी गाड्यांकडे सर्वांचे डोळे वळले. मोकळी जागा आणि मोडके सामान बेवारस ठेवणे हाही रयतेचा द्रोहच आहे. तेव्हा सार्वजनिक मालमत्तेचा पुन्हा उपयोग व्हावा यात वाद नाही. वाद आहे तो इतकाच, की उपयोग कोणाचा, आणि तो कोणाला विचारून?

ह्या बाबतीत आपल्या लोकांना एकदा चांगलीच ठेच लागली आहे. मुंबईच्या गिरणगावात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची आपलीच माणसे राबत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि कितीएक गिरण्यांचे भोंगे त्यानंतर पुन्हा नीट वाजलेच नाहीत. पुढे प्रश्न आला जागेचा. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जागेचे तीन वाटे ठरविले: एक शहराच्या मोकळ्या मैदानांसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. ऐकावयास किती गोड! पण २००१ साली नियमातील शब्द बदलले. वाटे सगळ्या जागेचे नव्हेत, केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेचे, असा अर्थ झाला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. शब्द बदलला आणि लोकांच्या वाट्याची जमीन सरकली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपानंतर तब्बल तीस वर्षांनी. तोपर्यंत कितीएकांचे दिवस भरले होते. यावरून धडा एकच. जमिनीचा करार होताना जो डोळ्यांत तेल घालून शब्द वाचीत नाही, त्याच्या हाती पुढे केवळ अर्जाची पावती राहते.

आता एस. टी.तील तंट्याकडे वळू. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप २०२२ च्या एप्रिलात मिटला. महामंडळाचे सरकारात विलीनीकरण करा, ही मागणी होती. ती मान्य झाली नाही. पगारात मात्र वाढ झाली, आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा दोन दिवस गाड्या थांबल्यावर मूळ पगारात ६,५०० रुपयांची आणखी वाढ कबूल झाली. त्या पाच-सहा महिन्यांत खेड्यांची काय दशा झाली, हे आम्हां शिक्षकांस पुस्तकात वाचावे लागले नाही. करोनाच्या टाळेबंदीनंतर शाळा नुकत्या उघडत होत्या आणि गाडी बंद. मुलगे सायकलीने, पायी, कसेबसे आले. मुली घरीच राहिल्या. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास त्यांच्या दप्तरात होता, पण पासाला चाके नसतात.

त्या वेळी गावात दोन तट पडले. एक म्हणे, कर्मचारी माजले. दुसरा म्हणे, सरकार निर्दय. आमच्या मते दोन्ही तट फसले. चालक-वाहक म्हणजे कोण? आपल्याच शेतकऱ्याचा, सुताराचा, कुंभाराचा, महार-मांगाचा पोर. कोरडवाहू चार एकरांत भागेना म्हणून तो बिल्ला लावून उभा राहिला. त्याच्या पगाराला उशीर झाला तर किराणा दुकानाची उधारी आपल्याच घरी वाढते. आणि प्रवासी कोण? त्याचीच आई, त्याचीच बहीण. भाऊ भावाशी भांडत असता मधल्या मध्ये वडापवाल्याने दुप्पट भाडे उकळले आणि जागेवर डोळा ठेवणारा आपली फूटपट्टी घेऊन मोजणीस लागला. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. ही म्हण आपण मुलांना शिकवितो आणि स्वतः विसरतो.

सरकार म्हणते, महामंडळ तोट्यात आहे, सबब जागेतून पैसा उभा केला पाहिजे. साठलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतच नमूद आहे. पण तोटा होतो कसा, हेही त्याच तोंडाने सांगितले पाहिजे. शंभर रुपयांच्या तिकिटावर साडेसतरा टक्क्यांचा प्रवासी कर सरकार वर्षानुवर्षे घेत आले. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट, ह्या सवलती सरकारने दिल्या. उत्तम केले, आमच्या माउल्या माहेरी आणि दवाखान्यात जाऊ लागल्या. परंतु सवलतीची भरपाई सरकारने महामंडळास वेळच्या वेळी मोजली पाहिजे. दान मंत्र्याच्या नावाचे आणि उधारी महामंडळाच्या खात्यावर, हा कोठला धर्म? शेवटी २०२५ च्या जानेवारीत १४.९५ टक्के भाडेवाढ करून तो भार प्रवाशाच्याच डोक्यावर आला.

तेव्हा आमच्या आमदारांनी सभागृहात पुढील प्रश्न विचारावेत, आणि उत्तर कागदावर घ्यावे.

पहिला: आपल्या तालुक्यातील कोणती जागा, किती, कोणास व किती भाड्याने दिली जाणार? ही यादी सोप्या मराठीत प्रत्येक स्थानकाच्या फलकावर व ग्रामपंचायतीत का लावू नये?

दुसरा: बांधकामात आधी फलाट, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचकूप आणि वाहक भगिनींची विश्रांतीची खोली होणार, की आधी दुकाने?

तिसरा: स्थानकाच्या दारी आज बसणारा चांभार, भाजीवाली, रसवंतीवाला उठविला जाणार काय? नव्या गाळ्यांत कारागीर व बचत गटांस स्वस्त भाड्याचा ठराविक वाटा आहे काय?

चौथा: येणारे उत्पन्न गाड्या व पगार यांवरच खर्च होईल, अशी वेगळी वही राहील काय? दर ठराविक वर्षांनी भाडे वाढेल, आणि मुदतीत बांधकाम न केल्यास जागा परत येईल, अशी अट आहे काय?

पाचवा: वरच्या मजल्यावर खेड्यातील मुलींसाठी वसतिगृह का नको? शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, म्हणून बहुजन समाजात वकील, डॉक्टर, शिक्षक निपजले. ज्या गावी शेवटची गाडी सायंकाळी सुटते, त्या गावच्या मुलीचे शिक्षणही त्या गाडीबरोबरच सुटते.

प्रश्न एकदा विचारून मोकळे होणाऱ्यांचा आम्हांस उपयोग नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य बंधूंस खुले असावेत. ठराव झाला, पण तळी बंदच राहिली. तेव्हा १९२६ साली बोल्यांनी पुन्हा उठून सांगितले, की जी संस्था ठराव पाळणार नाही तिचे अनुदान थांबवा. आणि तेवढ्यानेही भागले नाही म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. सार्वजनिक वस्तू कागदावर सर्वांची असते. ती खरोखर सर्वांची होते ती लोक पाठीस लागतात तेव्हा.

म्हणून वाचकहो, येत्या ग्रामसभेत वरील पाच प्रश्नांचा ठराव करा. त्याखाली शेतकऱ्याची, बलुतेदाराची आणि गावातून नोकरीस गेलेल्या चालक-वाहकाची सही एकाच कागदावर येऊ द्या. त्याची एक प्रत आमदारास, एक आगार व्यवस्थापकास द्या आणि पोच घ्या. मते मागावयास ते पुढच्या खेपेस येतील, तेव्हा हार आणण्यापूर्वी ती पोच पुढे ठेवा.