उत्तर आधीच ठरलेले नको

दहावीच्या प्रयोगवहीत आकडे सहसा चुकत नाहीत. निष्कर्ष पुस्तकात छापलेला असतो; त्याला जुळतील अशी निरीक्षणे लिहिली की गुण मिळतात. यात विद्यार्थी विज्ञान शिकत नाही, हिशेब जुळवायला शिकतो.

त्याऐवजी एक साधा प्रश्न घ्या. डेंग्यू टाळण्यासाठी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य विभाग सांगतो. आठवड्यातूनच का? नववीच्या मुलांनी घरोघरची पिंपे आणि कुंड्यांखालच्या बशा दर आठवड्याला तपासाव्यात, अळ्या मोजाव्यात आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत त्या ओळखायला शिकावे. ॲनोफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते. एडिस आणि क्युलेक्सची डोके खाली करून लटकते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, हे जाळी बांधलेल्या बरणीत डोळ्यांनी दिसले की कोरड्या दिवसाचे गणित वेगळे समजवावे लागत नाही.

खरा धडा पुढे असतो. रिकाम्या केलेल्या पिंपात पुन्हा पाणी भरताच अळ्या दिसतात. ‘मोजताना चुकलो’ म्हणून मूल तो आकडा खोडू पाहते. इथे मार्गदर्शक हवा. त्याने उत्तर सांगू नये. ‘खोडू नकोस, पिंप घासले होते का ते विचार,’ एवढेच म्हणावे. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही काही महिने टिकतात. न जुळणाऱ्या आकड्यानेच हे शिकवले. जंतू वाढवण्यासारखे प्रयोग घरी करायचे नसतात, हे सांगणारेही कुणी जाणते हवेच.

१९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वयाची मुले मार्गदर्शकासह स्थानिक प्रश्नांवर असेच प्रकल्प करतात. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही कृतिसंशोधन प्रकल्प असतो. वाट आहे, पण बक्षिसाच्या ओढीने प्रकल्प पालकच करू लागले, तर तीही प्रयोगवहीच्याच वळणावर जाते.

म्हणून परीक्षकांनी चकचकीत तक्त्यापेक्षा मुलाची खाडाखोड असलेली नोंदवही आधी पाहावी. वैद्यकीय, कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांनी आठवड्यातली एक दुपार शाळेच्या मुलांसाठी ठेवावी. उद्या यातलेच कुणी रुग्णाचा तपासणी अहवाल वाचणार आहे. न जुळणारा आकडा खोडायचा नसतो, ही सवय त्याला नववीतच लागलेली बरी.