कापूस वऱ्हाडचा, कापड कुणाचे?

मुंबईच्या कापूस बाजारात आणि तेथून साता समुद्रांपलीकडे लिव्हरपूलच्या पेढ्यांवर एकेकाळी 'उमरा' नावाचा कापूस सुपरिचित होता. हे नाव अमरावतीचे. इंग्रजांच्या जिभेवर अमरावतीची 'उमरावती' झाली आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांत तिचा 'उमरा' झाला. एखाद्या शहराचे नाव जगाच्या बाजारात चालावे, ही अभिमानाची बाब खरीच. परंतु हे नाव लाभले ते कच्च्या मालाला. त्या कापसाचे सूत आणि कापड विलायतेत होई आणि तेच कापड चढ्या दराने वऱ्हाडच्या हाटात परत येई. इंग्रज गेले, त्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली. तरीही अकोला-अमरावतीच्या बाजारपेठेतील कपड्याच्या दुकानात उभे राहून 'यातील किती कापड वऱ्हाडात विणले गेले?' असा प्रश्न केला, तर मिळणारे उत्तर फारसे बदललेले नाही. वऱ्हाडच्या व्यापारी संघटनांनी आपल्या कार्याची दिशा ठरवताना हा प्रश्न अग्रस्थानी ठेवणे अगत्याचे आहे.

ओरबाडण्यासाठी आलेली आगगाडी

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निझामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे मोल आले. त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेरा असे टप्पे घेत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा रेल्वेफाटा सुरू करण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. पुढे किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी अरुंद रुळांची गाडी आणली. वऱ्हाडी माणसाने तिला 'शकुंतला' म्हणून माया लावली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. पण तिच्या जन्माचा हेतू रयतेची सोय हा नव्हता. कापसाच्या गाठी लवकरात लवकर मुंबई बंदराकडे न्याव्यात, एवढ्याचसाठी ते रूळ टाकले गेले होते.

या लुटीला उत्तर देण्याचा प्रयत्नही याच भूमीत झाला, हे विसरता येणार नाही. दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्या नेत्यांनी टिळकांचा स्वदेशीचा मंत्र वऱ्हाडात रुजविला. अकोल्याची सावतराम मिल आणि मोहता मिल, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल या गिरण्यांमुळे कापूस पिकतो तेथेच सूत आणि कापड निघू लागले. याच व्यापारी जागृतीतून अकोल्यात वऱ्हाडच्या व्यापाऱ्यांची संघटना उभी राहिली. आजचे विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री हे त्याच परंपरेतले.

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा वाढायला हवी होती; घडले ते विपरीत. १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा, हा उद्देश चांगलाच होता. परंतु तीन दशके खासगी व्यापाराला दार बंद राहिले, जिनिंगवाले सरकारी यंत्रणेचे मजुरीवर काम करणारे कंत्राटदार बनले आणि प्रतवारी, बाजारज्ञान, पत ही पिढ्यान् पिढ्या कमावलेली व्यापारी विद्या गंजली. २००२ मध्ये खासगी खरेदीला वाट मोकळी झाली, तोवर बाजाराची सूत्रे दुसरीकडे गेली होती. जुन्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून शांत झाले. मुंबईहून अचलपूरला आणलेल्या फिनले मिलने पुन्हा आशा जागविली होती. २०२० च्या टाळेबंदीत तिचीही चाके थांबली.

सामर्थ्य आहे, साखळी नाही

असे असूनही वऱ्हाडचा व्यापार निष्प्राण झालेला नाही. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की सुमारे ३४ किलो रुई निघते; उरते ती मुख्यतः सरकी. सरकीचे तेल निघते आणि मागे राहिलेली ढेप गाई-म्हशींच्या दावणीला जाते. राष्ट्रीय वायदेबाजारात सरकी ढेपेचा सौदा अकोला हे आधारकेंद्र धरून होतो, ही गोष्ट खुद्द अकोलेकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल? गुजरात किंवा तेलंगणातील ढेपेचा व्यापारी अकोल्याच्या भावाकडे डोळे लावून बसतो, ही पत जाहिरातीने मिळालेली नाही. ती तेलघाण्या, गोदामे, आडते आणि दलाल यांच्या पिढीजात व्यवहारातून आली आहे.

डाळीचेही तसेच. वऱ्हाडची तूर अकोल्याच्या डाळ गिरण्यांत भरडली जाते आणि देशभर जाते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ गिरणी विकसित केली आणि गावोगावच्या बचत गटांना तुरीची डाळ करून विकण्याचा मार्ग दाखविला. पीक, प्रक्रिया, संशोधन आणि व्यापार एकाच पंचक्रोशीत आल्यावर काय घडते, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे. अमरावतीने तयार कपड्यांच्या घाऊक बाजारात असेच नाव मिळविले आहे. परंतु या बाजारात विकला जाणारा माल बहुतांशी सुरत, मुंबई, तिरुपूर येथून येतो. म्हणजे वऱ्हाडच्या एका टोकाला रुईची १७० किलोची गाठ ट्रकमध्ये चढते आणि दुसऱ्या टोकाला शिवलेला सदरा ट्रकमधून उतरतो. मधली सगळी कमाई, मधला सगळा रोजगार परमुलखात राहतो.

इचलकरंजीच्या शिवारात वऱ्हाडासारखा कापूस पिकत नाही. तरी तेथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला, जहागीरदार घोरपडे पाठीशी उभे राहिले आणि आज ते वस्त्रनगर म्हणून ओळखले जाते. तिरुपूरने होजिअरीत जगाची बाजारपेठ काबीज केली. तेथील निर्यातदारांनी १९९० मध्ये संघटना बांधली आणि औद्योगिक वसाहत, पाणी, प्रदर्शने यांसारख्या सामाईक गरजा एकत्र येऊन भागविल्या. पुण्यात १९३४ मध्ये अ. रा. भट यांनी मराठा चेंबरची उभारणी केली, तेव्हा पुणे हे पेन्शनरांचे आणि शाळा-महाविद्यालयांचे गाव मानले जाई. संघटना दूरदृष्टीची असली तर गावाचे भाग्य कसे पालटते, हे या तिन्ही ठिकाणी दिसते.

निवेदनापुरती संघटना

व्यापारी संघटनांची शक्ती वऱ्हाडने पाहिलेली आहे. स्थानिक संस्था कराच्या विरोधात राज्यभर व्यापारी रस्त्यावर आले, बाजारपेठा बंद राहिल्या आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना त्या करातून मुक्ती मिळाली. ही एकजूट कौतुकास्पदच होती. मात्र कर आला की जागे व्हायचे, निवेदन द्यायचे, बंद पुकारायचा आणि कर गेला की आपापल्या गल्ल्यावर परतायचे, एवढ्यावर प्रदेशाचे अर्थकारण उभे राहत नाही.

आजची आव्हाने करापेक्षा मोठी आहेत. बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी भांडवलाला २०१२ मध्ये मुभा मिळाली, तेव्हा स्वदेशी विचाराच्या संघटनांनी त्याविरुद्ध रान उठविले. पण विदेशी भांडवल दुकानाच्या दारातून येण्याऐवजी मोबाइलच्या पडद्यातून आले. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने ई-व्यापारातील विदेशी कंपन्यांवर निर्बंध कडक केले, २०२२ मध्ये लहान दुकानदारांसाठी ओएनडीसी हे खुले व्यासपीठ आणले. शासनाने दार उघडून दिले तरी आत पाऊल टाकण्याचे काम व्यापाऱ्याचे आहे. गांधी रोडवरील किंवा जवाहर गेटजवळील एकट्या दुकानदाराला ते झेपणारे नाही. त्यासाठी सामाईक गोदाम, सामाईक वाहतूक आणि संगणकाची जाण असलेले चार तरुण हवेत. आणि हे चेंबरच करू शकते.

दुसरे आव्हान संधीच्या वेशात आले आहे. पंतप्रधान मित्र योजनेतील सात महावस्त्रोद्यानांत मार्च २०२३ मध्ये अमरावतीची निवड झाली आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नांदगाव पेठच्या या उद्यानाची पायाभरणी झाली. एक हजार एकरांचे हे उद्यान शेतापासून परदेशी बाजारपेठेपर्यंतची साखळी एका जागी आणू पाहते. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी सेवाही सुरू झाली. वऱ्हाडने शतकभर जे मागितले ते दाराशी आले आहे. तेथे मोठे उद्योगसमूह येणार, यावेच. परंतु बटण, धागा, खोकी, छपाई, यंत्रदुरुस्ती, वाहतूक, खाणावळ ही शेकडो पूरक कामे कुणाच्या हाती जाणार? अकोल्याचा जिनिंगवाला आणि अमरावतीचा कापडव्यापारी या साखळीत भागीदार म्हणून बसणार, की गेटबाहेर जागेचे भाडे मोजत राहणार? ते आताच ठरायचे आहे.

व्यापाऱ्याचाही धर्म

आर्वीला जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडींनी स्वदेशीचा विचार वस्तूंच्या यादीपुरता कधीच मर्यादित ठेवला नाही. स्वदेशी ग्राहकाला जशी बांधते तशीच ती व्यापाऱ्यालाही बांधते. शेतमालाचे चुकारे तत्काळ द्यावेत, हा बाजार समितीचा नियम आहे. तो पाळणारे सचोटीचे व्यापारी पुष्कळ आहेत. पण महिनोन् महिने चुकारे थकवणारा एखादाच साऱ्या पेठेला बट्टा लावतो. असा माणूस आपलाच सभासद आहे म्हणून संघटना गप्प राहिली, तर शेतकऱ्याने 'स्थानिक' या शब्दावर विश्वास का ठेवावा? ज्या वऱ्हाडने कर्जापायी इतक्या शेतकऱ्यांना गळफास घेताना पाहिले, तेथे हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही.

लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांच्या आत द्यावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून ती मुदत न पाळणाऱ्याला प्राप्तिकरातील वजावटही वेळेवर मिळत नाही. कायद्याच्या धाकाने पैसे देण्यापेक्षा पेठेची रीत म्हणून ते दिले जावेत. एकेकाळी हुंडीवर देशभराचा व्यवहार चाले, तो शब्दाच्या पतीवरच. पक्के बिल, चोख माप, मालाची खरी प्रत आणि नोकराला वेळेवर पगार या चार गोष्टींची हमी देणारी सभासदांची यादी चेंबरने जाहीर करावी. असे प्रमाण कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक ग्राहक आणील.

हितसंबंधांचा झगडाही टाळता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले. गिरण्यांना आधार म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उठविले. गिरणीला स्वस्त रुई मिळाली. पण ऐन हंगामात कापूसकऱ्याच्या पोटात गोळा उभा राहिला. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामासाठी क्विंटलला ८११० रुपये हमीभाव जाहीर होता. खुल्या बाजारात तो मिळेल का, ही धास्ती अनाठायी नव्हती. जिनिंगवाला, सूतगिरणी आणि शेतकरी यांना एका बैठकीला बसवून वऱ्हाडची एक भूमिका दिल्लीला कळविणे, हे व्यापारी संघटनेचे काम आहे. शेतकरी मोडून व्यापार वाढल्याचे उदाहरण वऱ्हाडच्या इतिहासात नाही.

घराघरांतील निर्णय

या साऱ्यात मध्यमवर्गीय कुटुंबाचा वाटा लहान नाही. दिवाळीचे कपडे, लग्नाचा बस्ता, महिन्याचे वाणसामान हे निर्णय घरातच होतात. कोपऱ्यावरचा दुकानदार अडीअडचणीला उधारी देतो, गणेशोत्सवाची वर्गणी देतो, वस्तीतल्या मुलाला नोकरीला ठेवतो. त्याच्या गल्ल्यातला रुपया गावातच चार हात फिरतो. चार पैसे वाचले म्हणून दूरच्या कंपनीला दिलेला रुपया गावाची वेस ओलांडून जातो, तो परत येत नाही. मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावाच्या स्वावलंबनाचा जो आग्रह आयुष्यभर धरला, त्याचे मर्म हेच आहे. आपल्या माणसाकडून घ्यावे, पण त्याच्याकडून चोख मालही मागावा आणि पक्के बिलही मागावे. संघटित ग्राहक आणि सचोटीचा व्यापारी हे परस्परांचे आधार आहेत.

नांदगाव पेठला कारखान्यांच्या भिंती उभ्या राहतील, त्या वेळी अकोला-अमरावतीच्या व्यापारी संघटनांचे प्रतिनिधी केवळ स्वागताचे हार घेऊन जाऊ नयेत. आपल्या सभासदांची कौशल्ये, गोदामे, भांडवल आणि मागण्या यांचा पक्का आराखडा त्यांच्या हाती असावा. त्या आराखड्याची पहिली बैठक येत्या हंगामाचा कापूस बाजारात येण्यापूर्वी व्हावी. 'उमरा' हे नाव जगाने वऱ्हाडच्या कच्च्या मालाला दिले होते. आता अमरावतीच्या नावाने कापड ओळखले जावे, एवढी महत्त्वाकांक्षा या पिढीच्या व्यापाऱ्याने बाळगायलाच हवी.