विश्लेषण : ट्रेनी इंजिनीअर, विद्यार्थी की नोकरदार?

कॅम्पसमध्ये निवड झाली म्हणजे नोकरी लागली, असे आपल्याकडे अजूनही धरले जाते. ऑफर लेटर आले की पेढे वाटले जातात, स्टेटस लागतात, महाविद्यालयाच्या फ्लेक्सवर फोटो झळकतो. पण ऑफर लेटर आणि कायम नोकरी यांच्यामध्ये प्रशिक्षणाचा एक लांब टप्पा असतो. त्या टप्प्यात आपला मुलगा किंवा मुलगी नेमकी कोण असते, याचे सरळ उत्तर घरच्यांकडे नसते आणि कायद्याकडेही नसते.

ओळखीतल्या एका घरातला प्रसंग आहे. आजोबा सोलापुरातल्या गिरणीत काही वर्षे बदली कामगार होते. नातू यंदा अभियंता झाला आणि पुण्यातल्या एका कंपनीत ‘ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी’ म्हणून निवडला गेला. पत्र वाचून दाखवल्यावर आजोबा एवढेच म्हणाले, “म्हंजे तू बी बदलीच की रे.” सगळे हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे काही वाटले नाही.

नव्या पिढीसाठी सांगायला हवे. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर हजर राहायचा. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर काम मिळायचे, नसेल तर डबा घेऊन घरी परत. कित्येकांची अशी वर्षे गेली. तरीही कायद्याने या माणसाची दखल घेतली होती. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये ले-ऑफ भरपाईची तरतूद आली, तेव्हा बदली कामगाराची व्याख्या केली गेली आणि एक वर्ष सलग सेवा झाली की भरपाईपुरता तो बदली राहत नाही, असेही लिहिले गेले. ट्रेनी इंजिनीअरच्या बाबतीत अशी रेघ कोणी ओढलेली नाही. कंपनी स्वतःच्या पत्रात जी ओढेल तीच रेघ.

प्रशिक्षणात होते काय?

बहुतेक मोठ्या आयटी कंपन्यांत पहिले तीन ते सहा महिने शिकण्याचे असतात. इन्फोसिसचे म्हैसूरचे केंद्र आणि टीसीएसचे तिरुअनंतपुरमचे केंद्र ही त्यातली सर्वपरिचित नावे. सुरुवातीला सगळ्यांना सारखेच शिकवतात : प्रोग्रामिंग, डेटाबेस, थोडे वेब, थोडे ईमेल कसे लिहावेत. मग ‘स्ट्रीम’ मिळतो. कोणाला जावा, कोणाला टेस्टिंग, कोणाला सॅप, कोणाला जुने मेनफ्रेम. स्ट्रीम ठरतो तो कंपनीकडे त्या तिमाहीत कोणते काम आले आहे त्यावरून. शेवटच्या वर्षी मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करून गेलेल्या मुलीच्या वाट्याला कोबॉल येऊ शकते. (त्यात कमीपणा काही नाही. जगातल्या कित्येक बँका अजून त्याच कोबॉलवर चालतात.)

प्रत्येक टप्प्यावर परीक्षा असते, तिला असेसमेंट म्हणतात. ठरावीक प्रयत्नांत ती पार झाली तर पुढे, नाही तर बाहेर. त्यानंतर ‘बेंच’, म्हणजे पगार चालू पण काम नाही, अशी प्रतीक्षा. एखाद्या प्रोजेक्टवर नाव लागले आणि ग्राहकाकडून त्या तासांचे पैसे येऊ लागले की कंपनीच्या लेखी तुम्ही खऱ्या अर्थाने कामाला लागलात.

कंपन्या हा खर्च दयेपोटी करत नाहीत. आपल्या आयटी उद्योगाचा हिशेब पिरॅमिडचा आहे. वर थोडे अनुभवी आणि महाग लोक, तळाला पुष्कळ नवे आणि स्वस्त. तळ रुंद असेल तर सरासरी खर्च कमी राहतो. म्हणूनच एकेकाळी मेकॅनिकल, सिव्हिलच्या मुलांनाही घाऊक घेऊन कोडिंग शिकवले गेले. आता तळाची साधी कामे, म्हणजे छोटे कोड लिहिणे, टेस्ट केस बनवणे, कागदपत्रे तयार करणे, एआयच्या साधनांनी उरकू लागली आहेत. पिरॅमिडचा तळ अरुंद होतो आहे आणि सोलापूरची मुले नेमकी त्याच तळातून आत जातात.

आपली मुले अडतात कुठे? बुद्धीत नाही, हे ठाम सांगता येते. कोड जमतो, पण ‘असेच का लिहिलेस’ हे इंग्रजीत समजावताना जीभ अडखळते. वर्गात शंका विचारली तर बाकीचे हसतील, ही भीती दहावीपासूनची. दुसरे कारण जरा कडू आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पैसे देऊन तयार घेणे इतके सर्रास झाले आहे की त्याची लाज उरलेली नाही. चार वर्षांत स्वतःच्या हाताने एकही प्रोग्राम सुरुवातीपासून शेवटपर्यंत न लिहिलेला मुलगा पाचव्या आठवड्यातल्या असेसमेंटला आपटतो, तेव्हा दोष एकट्या कंपनीचा नसतो.

म्हैसूरमध्ये काय घडले?

फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना एकदम बाहेर काढले. तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण झाले नाहीत आणि ही अट त्यांच्या करारात होती, असे कंपनीचे म्हणणे. यातल्या अनेकांना २०२२ मध्ये ऑफर मिळाली होती. रुजू होण्यासाठी त्यांनी दोन वर्षांच्या आसपास वाट पाहिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते दाखल झाले. चार-साडेचार महिन्यांत बॅग भरून परत. पुण्यातून काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. बाहेर काढलेल्यांचा आकडा याहून बराच मोठा आहे, असा तिचा दावा होता. मंत्रालयाने कर्नाटक सरकारला लक्ष घालायला सांगितले. ही मुले प्रशिक्षणार्थी होती, नियमित नोकरदार नव्हेत, त्यामुळे कामगार कायद्याचा भंग दिसत नाही, अशी भूमिका तिथल्या कामगार खात्याने घेतल्याच्या बातम्या त्यानंतर आल्या.

परीक्षा घेण्याचा कंपनीला अधिकार आहे, यात वाद नाही. खटकते ते वेगळेच. दोन वर्षे थांबवून ठेवताना ही मुले ‘आमची’ होती, म्हणून त्यांनी दुसरीकडे पाहिले नाही. बाहेर काढताना ती ‘आमची नव्हतीच’. असे प्रकार एकाच कंपनीपुरते नाहीत. विप्रोने २०२३ च्या फेब्रुवारीत रुजू होण्याची वाट पाहणाऱ्या काही उमेदवारांना साडेसहा लाखांऐवजी साडेतीन लाखांवर येण्याचा प्रस्ताव दिला होता. सही दोघांनी केलेली असते, पण वाट एकालाच पाहावी लागते.

कायदा कोणाच्या बाजूने?

इथे दोन शब्दांची गल्लत होते. एक ‘अप्रेंटिस’ आणि दुसरा ‘ट्रेनी’. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्याखाली घेतलेल्या शिकाऊ उमेदवाराचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला किमान नऊ हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरवले. हा उमेदवार कामगार मानला जात नाही, आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नाही. पण सगळे कसे स्वच्छ लिहिलेले असते.

कंपनीचा ‘ट्रेनी’ मात्र बहुतेक वेळा या कायद्याखाली नोंदलेला नसतो. त्याला पगार मिळतो, पीएफ कापला जातो, ओळखपत्र असते, नऊ तास हजेरी असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेने कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून वगळला आहे तो १९६१ च्या कायद्याखालचा अप्रेंटिस. पगार घेणारा, पण त्या कायद्याखाली नोंद नसलेला ट्रेनी वगळल्याचे तिथे म्हटलेले नाही. म्हणून माझ्या मते असा ट्रेनी कर्मचारीच आहे. काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करण्याचे बंधन त्यालाही लागू व्हायला हवे. न्यायालये यावर काय म्हणतात ते पुढे कळेल. बदली कामगाराची जुनी व्याख्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत शब्दशः म्हणावी अशी उतरली आहे. तिच्या शेजारी ट्रेनीसाठी दोन ओळी लिहायला कोणाची हरकत होती, कळत नाही.

प्रशिक्षणार्थी हा शब्द सरकारलाही सोयीचा वाटतो, हे जाता जाता नोंदवायला हवे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये पदवीधरांना दरमहा दहा हजारांवर सहा महिन्यांसाठी घेतले, मग मुदत वाढवली. मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून ही मुले रस्त्यावर आली, तेव्हा तुम्ही तर प्रशिक्षणार्थी, हेच उत्तर त्यांना मिळाले.

बॉण्ड भरावाच लागतो का?

‘बॉण्डला कोर्टात किंमत नसते’ हे वाक्य हॉस्टेलमध्ये हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार कोणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. नोकरी चालू असतानाची अशी अट म्हणजे व्यवसायबंदी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. ती सार्वजनिक बँक होती, नव्याने भरतीचा तिचा खर्च मोठा होता, पदही वरचे होते. त्यामुळे एखाद्या छोट्या कंपनीने दोन आठवडे पीपीटी दाखवून तीन लाख मागितले, तर तोच निकाल जसाच्या तसा लागू होईल असे नाही. कलम ७४ खाली न्यायालय वाजवी भरपाईच देते, आणि करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

मूळ गुणपत्रके आणि पदवी कंपनीच्या कपाटात ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवावीत आणि परत घ्यावीत. आणि जी कंपनी नोकरी देण्यासाठी ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ मागते, तिथून उठून सरळ बाहेर यावे. पगार देणारा पैसे मागत नाही, पैसे मागणारा क्लास असतो.

घरचा हिशेब काय सांगतो?

वार्षिक ३ लाख ६० हजारांचे पॅकेज म्हणजे महिना तीस हजार, असे घरी सांगितले जाते. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, कधी कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते. हातात पंचवीस हजार किंवा त्याहून कमी पडतात. हिंजवडी-वाकडला कॉट बेसिसवर राहणे आणि जेवण यात आठ-दहा हजार जातात. दहा-बारा वर्षांपूर्वीही नव्या अभियंत्याचे पॅकेज तीन-सव्वातीन लाखच होते. या काळात भाकरीपासून भाड्यापर्यंत काय महागले नाही?

कर्जाचा भाग जास्त नाजूक आहे. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षापर्यंत हप्ता थांबतो. चार लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली, तर हप्ता ६,६०० रुपयांच्या पुढे जातो. थांबलेल्या काळातले व्याज वेगळे. कंपनीने जॉइनिंग दीड वर्ष लांबवले, तर पगाराआधी हप्ता सुरू होतो. पूर्व भागातल्या यंत्रमागावर किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्या कुटुंबात हे सहा हजार कुठून आणायचे? हप्ता चुकला की सिबिल बिघडते. म्हणून जॉइनिंग लांबल्याचा ईमेल आला की त्याच आठवड्यात तो घेऊन बँकेत जावे आणि मुदत वाढवून मिळण्याचा लेखी अर्ज करावा. शाखाधिकारी वाढ देईलच असे नाही, पण हप्ता थकल्यावर गेलात तर बोलायलाही जागा उरत नाही.

पत्रावर सही करण्याआधी चार गोष्टी शोधाव्यात. प्रशिक्षण किती महिन्यांचे, असेसमेंटचे किती प्रयत्न, नापास झाल्यास किती दिवसांची नोटीस आणि किती पैसे, आणि कायम केल्याचे पत्र कधी मिळणार. यातले काही पत्रात नसेल तर एचआरला ईमेलने विचारावे. फोनवर दिलेले उत्तर नंतर कोणाला आठवत नाही. त्याने ऑफर रद्द होईल, ही भीती मी बऱ्याच पालकांकडून ऐकली आहे. साध्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाने जी ऑफर रद्द होईल, ती पुढे टिकली असती का, हेही विचारून पाहावे.

महाविद्यालये कोणता आकडा सांगतात?

वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ मध्ये सुरू झाले, तेव्हा सोलापूरच्या मुलाला अभियंता होण्यासाठी बाहेर जावे लागत नव्हते, एवढ्याचेच अप्रूप होते. आज शहरात, केगावला, पंढरपूरजवळ गोपाळपूरला महाविद्यालये आहेत. प्रवेशाच्या मोसमात बहुतेकांची जाहिरात एकाच आकड्यावर चालते : किती ऑफर, सर्वाधिक पॅकेज किती. एका मुलाच्या तीन ऑफर या तीन म्हणून मोजल्या जातात. त्यातले किती रुजू झाले, किती वर्षभर टिकले, किती जणांना कायम केल्याचे पत्र मिळाले, हे कुठेच नसते. सर्वाधिक पॅकेज एकाला मिळते. बाकीच्यांचे काय झाले, हा खरा प्रश्न पालक विचारत नाहीत.

सोलापुरात आयटी पार्कची घोषणा झाली आहे. तो उभा राहील तेव्हा राहील. तोवर हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जाणाऱ्या मुलांची वर्षभरानंतरची नोंद ठेवणे महाविद्यालयांच्या हातात आहे. त्यासाठी ना निधी लागतो ना शासन निर्णय. प्लेसमेंट विभागाने जूनमध्ये मागच्या वर्षीच्या यादीतल्या प्रत्येकाला एक फोन करायचा आणि तीन प्रश्न विचारायचे : रुजू झालास का, अजून तिथेच आहेस का, कायमचे पत्र आले का. ती उत्तरे नावे वगळून संकेतस्थळावर टाकायची. यंदा प्रवेश घ्यायला जाणाऱ्या पालकांनी कॅन्टीन आणि वसतिगृह पाहून झाल्यावर हा तक्ता मागावा.