कोयत्याची नोंद कोणाच्या दप्तरी?

दसरा सरला की कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात, आणि गावात उरतात ती म्हातारी माणसे व त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. या स्थलांतराचा सारा दोष अवर्षणाच्या माथी मारण्याचा प्रघात मला अपुरा वाटतो; कारण पाऊस माणसाला घराबाहेर काढीत असला, तरी बाहेर त्याच्या श्रमाला कोणती प्रतिष्ठा लाभावी आणि कोणत्या वयात त्याची गरज संपावी, हे ठरविणारी व्यवस्था मनुष्यनिर्मित आहे.

ती व्यवस्था म्हणजे टोळी जमविणाऱ्या मुकादमाची उचल. हंगामापूर्वी हाती पडलेली रोकड तोडलेल्या उसाच्या टनांतून फेडावयाची. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. आणि आजारपणाने किंवा बाळंतपणाने दिवस चुकला, तर त्याचा खाडा हिशेबातून वळता. पूर्ण उचल जोडप्याला मिळते, म्हणून कोवळ्या वयात लग्ने उरकली जातात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढण्याचे बळ आहे तोवरच त्या जोडप्याची पत. पुढे कंबर गेली, की मुकादम त्या दारी थांबत नाही. आयुष्यभराच्या या कष्टांचा कागद कारखान्याच्या दप्तरी बहुधा नसतोच, कारण तेथील करारनामा मुकादम व वाहतूकदार यांच्याशी झालेला असतो.

हे अटळ मानण्याचे कारण नाही. हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली याच राज्यात माथाडी कायदा झाला, आणि रोज नव्या मालकाचे ओझे वाहणाऱ्या हमालाचे नाव माथाडी मंडळाच्या नोंदवहीत आले. मालकाने मजुरीवर भरलेल्या लेव्हीतून हमालाच्या भविष्यनिर्वाह निधीची तजवीज झाली. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने तर काम मागण्याचा हक्क ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिला, आणि तेथे स्त्री ही नवऱ्याच्या कोयत्याचा अर्धा भाग नव्हती.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आज अस्तित्वात आहे. मुलांसाठी वसतिगृहे काढण्याच्या सरकारी योजनेचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु वसतिगृहातील मुलाच्या आजोबांना त्यातून काय मिळाले? गाळपावर आकारलेल्या निधीतून प्रत्येक मजुराच्या नावे स्वतंत्र खाते उघडावे, कारखान्याला मूळ मालक मानून हजेरीची जबाबदारी त्याच्यावर टाकावी, कोयत्याच्या एका नोंदीऐवजी नवरा आणि बायको अशी दोन नावे लिहावीत, आणि बाळंतिणीच्या खाड्याला कायद्याने बंदी घालावी.