कानावरचे साडेतीन न्यूटन

सकाळी दहाला लागलेले डबिंग दुपारी दोनपर्यंत आले, की खोलीतली सगळी माणसे एकाच प्रकारची चुळबुळ करू लागतात. रेकॉर्डिस्ट डावा कप कानामागे ढकलतो. सहायक दिग्दर्शक चष्मा काढून टेबलावर ठेवतो आणि मग स्क्रिप्ट नाकाशी धरून वाचतो. माइकसमोरची अभिनेत्री दोन टेकच्या मध्ये हेडबँड अंबाड्याच्या कधी पुढे, कधी मागे सरकवत राहते. बोलत मात्र कोणीच नाही. हेडफोन दुखतो, ही तक्रार या व्यवसायात जरा नाजूकपणाची समजली जाते.

कोणत्या हेडफोनचा खर्ज सच्चा आणि कोणाचा फुगवलेला, यावर ध्वनिमुद्रक चहाच्या टपरीवर तासभर वाद घालतील. तो डोक्यावर पाच तास टिकतो का, हा प्रश्न ‘होईल सवय’ म्हणून मिटवला जातो. पण दुखणारा हेडफोन कामात शिरतो. कानामागे सरकवलेल्या कपातून खर्ज गळतो. तो कमी ऐकू आला, की हात आपसूक ईक्यूकडे जातो, आणि मग थिएटरात तीच गोष्ट पिंपातून बोलल्यासारखी घुमते. शिफ्टच्या शेवटच्या तासातले टेक पहिल्या तासातल्यांपेक्षा लवकर ‘ओके’ होतात, हे कोणत्याही संकलकाला ट्रॅक उघडताच कळते.

गंमत अशी, की आधुनिक हेडफोनची पहिली मोठी सुधारणा आवाजातली नव्हतीच. 1910 मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या नॅथॅनियल बाल्डविनने घरच्या स्वयंपाकघरात बनवलेला संच नौदलाकडे पाठवला. ऐकू उत्तम येत होते. कुरकुर डोक्यावरच्या पट्टीबद्दल होती. बाल्डविनने पट्टीच्या जागी चामड्याने मढवलेल्या, मागेपुढे करता येणाऱ्या दोन तारा बसवल्या आणि नौदल खूश झाले. याचे पेटंट घ्या, असे त्याला सुचवण्यात आले. एवढ्या क्षुल्लक गोष्टीचे कसले पेटंट, म्हणून त्याने ते टाळले. शंभराहून अधिक वर्षांनंतरही पट्टी क्षुल्लकच मानली जाते.

आता थोडा हिशेब. स्टुडिओत सर्रास दिसणाऱ्या बायरडायनॅमिक डीटी 770 प्रोची पकड साडेतीन न्यूटनच्या आसपास आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुमारे 360 ग्रॅमचे वजन दाबून धरल्यासारखी. कपाचे पॅड बाहेरून नऊ आणि आतून साडेपाच सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर त्वचेला टेकणारे कडे 40 चौरस सेंटिमीटरचे होते. दर चौरस सेंटिमीटरला नऊ ग्रॅम. कोणीही सहन करेल. मग चष्मा येतो. पाच मिलिमीटर रुंदीची काडी पॅडखाली सहा सेंटिमीटरभर दबली आणि तिने एकूण भाराचा तिसरा हिस्सा जरी उचलला, तरी त्या तीन चौरस सेंटिमीटरांवर दाब चौपटीहून वर जातो. शिवाय काडीच्या दोन्ही बाजूंना फट राहते, ती वेगळीच. म्हणजे चष्मेवाल्याला दुखते जास्त आणि खर्ज ऐकू येतो कमी.

या दुखण्याला वैद्यकात रीतसर जागा आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाह्य दाबाने होणारी डोकेदुखी स्वतंत्र नोंदलेली आहे. हेल्मेट, पोहण्याचे गॉगल, डोक्याला घट्ट बसणाऱ्या पट्ट्या ही तिची नेहमीची कारणे. दाब सुरू झाल्यापासून तासाभरात ती उठते आणि दाब काढल्यावर तासाभरात जाते. त्यामुळे ज्याचे कपाळ बरोबर जेवणाच्या सुट्टीत मोकळे होते, त्याने पित्ताच्या गोळीआधी हेडबँडकडे पाहावे.

श्रवणचाचणीच्या हेडफोनची प्रमाणित पकड तर साडेचार न्यूटन असते. तिथे कोणी हरकत घेत नाही, कारण चाचणी थोड्या वेळात उरकते. दुकानातली चाचणीही तशीच असते. नेमके तिथेच फसायला होते.

वजनाची गोष्ट उलटसुलट आहे. 1968 मध्ये सेनहायझरचा एचडी 414 आला तेव्हा त्याचे वजन सुमारे 135 ग्रॅम होते. त्याच्या स्पंजाच्या उघड्या पॅडमधून आवाज आणि हवा दोन्ही आरपार जात. तोवर जाडजूड बंद डबे डोक्यावर घेणाऱ्यांना हा हेडफोन पिसासारखा वाटला असणार. त्याचे लाखो नग खपले. याउलट आज प्लेनार जातीचा ऑडिझी एलसीडी-एक्स 600 ग्रॅमच्या पुढे जातो. त्याचा आवाज अप्रतिम आहे, पण अर्धा किलो साखरेची पुडी डोक्यावर ठेवून तीन तास मान सरळ ठेवणे हा वेगळा व्यायाम झाला. मात्र हलका तो सुखाचा, हे समीकरणही टिकत नाही. सेनहायझरचाच एचडी 25 जेमतेम 140 ग्रॅमचा. दोन भागांत फाकणारी पट्टी, प्रत्येक सुटा भाग बदलता येतो, बाहेरचा आवाज असा अडवतो की लोकेशनवाले तो सोडत नाहीत. पण तो कानाभोवती न बसता कानावर बसतो. कूर्चा एका बाजूने पॅड आणि दुसऱ्या बाजूने चष्म्याची काडी यांच्यात चेपली जाते. दोन तासांनंतर 270 ग्रॅमचा डीटी 770 त्यापुढे गादी वाटतो. वजन किती, यापेक्षा ते कुठे टेकते हे महत्त्वाचे: टाळूवर एकाच जागी की ताणलेल्या पट्ट्यावर पसरून.

कानांचेही एक माप नसते. 1995 मध्ये जेम्स हीथकोट या इंग्लंडमधल्या डॉक्टरने सहकाऱ्यांसह दोनशेहून अधिक रुग्णांचे कान मोजले आणि तिशीनंतर कानाची लांबी वर्षाला सरासरी 0.22 मिलिमीटरने वाढत असल्याचे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. तीस वर्षांच्या नोकरीत साडेसहा मिलिमीटर! पंचविशीत घेतलेला लाडका हेडफोन पन्नाशीनंतर चावू लागला, तर दोष हेडफोनचाच असेल असे नाही. कानातल्यांचा विचार तर कप घडवणाऱ्यांनी केलेलाच दिसत नाही. कुडीचा मळसूत्री फिरकीचा भाग पाळीमागे टोचतो आणि बुगडीवर कप दाबला गेला की पाणी येते डोळ्यांत. अनुभवी डबिंग कलाकार कानातले आधी पर्समध्ये टाकतात आणि मग स्क्रिप्ट हातात घेतात.

मुंबई-कोकणात आणखी एक शत्रू आहे, दमट हवा. कृत्रिम चामड्यातले पॉलियुरेथेन ओलाव्याने विघटित होते. आधी बारीक सुरकुत्या, मग काळ्या खपल्या, आणि एके दिवशी कलाकार स्टुडिओतून कानाला काजळ लावल्यासारखा बाहेर पडतो. सोनीच्या एमडीआर-7506 चे ग्राहक हे चांगलेच ओळखतात. 1991 पासून बाजारात टिकलेला हा हेडफोन स्वतः दणकट, पॅड मात्र सोलणारे. मखमली पॅड त्वचेला सुखावतात, पण घाम पितात आणि बाहेरचा आवाज थोडा जास्त आत सोडतात. एकच जोडी दिवसभरात सात-आठ कानांवर फिरत असेल, तर पावसाळ्यात कानाच्या बुरशीला आमंत्रणच. त्याहून कमी बोलली जाणारी बाब अशी, की दबून चपटे झालेले पॅड ड्रायव्हरला कानाजवळ आणतात आणि हेडफोनचा स्वभाव बदलतो. ज्या हेडफोनच्या आवाजाची शपथ घेतली जाते, तो पॅड बसल्यावर तोच हेडफोन उरलेला नसतो.

आरामाचा आणि श्रवणशक्तीचा संबंधही इथेच जुळतो. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. कप नीट बसत नाही, एसीचा घोंघाट आत येतो, म्हणून कोणी आवाज सहा डेसिबलने चढवला, तर आठ तासांची सवलत दोन तासांवर येते. शिफ्ट मात्र आठ तासांचीच राहते.

ओपन बॅक, म्हणजे मागून उघड्या कपांचे, हेडफोन बहुतेकांना जास्त वेळ सोसवतात. कान तापत नाहीत, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. संकलनाच्या टेबलावर किंवा ऑडिओबुकचे तासन्‌तास प्रूफ ऐकताना तेच घ्यावेत. माइकसमोर ते चालत नाहीत, कारण गाइड ट्रॅक थेट टेकमध्ये उतरतो. लोकेशनवर तर प्रश्नच नाही. 2000 साली भुजजवळ ‘लगान’ सिंक साउंडने, म्हणजे संवाद जागेवरच टिपत, चित्रित झाला. त्या काळी हिंदीच्या मुख्य प्रवाहात ही पद्धत विरळाच, आणि तिथे ध्वनिमुद्रक नकुल कामटे यांच्यासमोर होते कच्छचे ऊन आणि हजारोंची गर्दी. सिंक साउंडमध्ये पहिल्या शॉटपासून पॅक-अपपर्यंत बंद कप कानांवरून उतरत नाहीत. अशा कामात एकाच हेडफोनवर निष्ठा ठेवणे अव्यवहार्य आहे. कानावर बसणारा एक आणि कानाभोवती बसणारा एक, असे दोन आलटून पालटून वापरले, की दुखणारी जागा तरी बदलते.

साच्यातून करून घेतलेले इन-इअर हा तिसरा मार्ग. चष्मा, अंबाडा, बुगडी सगळेच सुटतात. मात्र कान बुजल्यामुळे स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, आणि संवाद बोलणाऱ्याला तेच नको असते.

नव्या हेडफोनची पकड सैल करण्याचा घरगुती उपाय सर्वांना ठाऊक आहे: रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवायचा. सेनहायझर एचडी 600 च्या घराण्यातले नवे नग विशेष घट्ट, त्यांना हा मानवतो. धातूची पट्टी थोडी थोडी वाकवता येते. सगळा प्लास्टिकचा असेल तर घाई करू नये; तडा जातो तो नेमका बिजागरीपाशी.

या मासिकाचे म्हणणे दोघांसाठी आहे. उत्पादकांनी वजनाच्या शेजारी पकडीचा आकडा न्यूटनमध्ये आणि कपाच्या आतल्या पोकळीची लांबी-रुंदी-खोली छापावी. मोजक्या कंपन्या हे करतात, बाकीच्या ‘आरामदायी’ या विशेषणावर भागवतात. आणि स्टुडिओमालकांनी पॅडना यंत्रसामग्रीतून काढून बॅटरी-सेलच्या खात्यात टाकावे. नियमित येणाऱ्या कलाकाराला नाव लिहिलेली स्वतःची पॅडजोडी देणे हा फार मोठा खर्च नव्हे. एचडी 600, एचडी 25, डीटी 770 यांचे पॅड कोणालाही घरी बदलता येतात. खरेदीच्या वेळी हा प्रश्न आवाजाआधी विचारला जावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदार फार तर दोन गाणी ऐकू देतो. ओळखीच्या स्टुडिओतून एका शिफ्टपुरता हेडफोन मागून आणणे अधिक उपयोगाचे. आपला चष्मा घालून, आपल्याच ट्रॅकवर, निदान दोन तास. पकड मोजायला प्रवासी बॅग तोलण्याचा आकड्याचा काटा पुरतो. एक कप टेबलाच्या कडेला घट्ट धरायचा, दुसऱ्यात काटा अडकवायचा आणि दोन कपांमधले अंतर आपल्या डोक्याच्या रुंदीइतके होईपर्यंत ओढायचे. 360 ग्रॅम म्हणजे सुमारे साडेतीन न्यूटन. हा आकडा आणि तारीख चिठ्ठीवर लिहून हेडफोनच्या डब्यात टाकावी, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा मोजावे.