सुरक्षेचे कर्तव्य कोणाचे?

आरपोरा येथील नाइट क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत पंचवीस माणसे प्राणास मुकली. त्यांपैकी पाच पर्यटक होते. उरलेले वीस त्या क्लबचे नोकर होते. या दुर्घटनेवर राज्यात पुष्कळ चर्चा झाली. मिठागराच्या जागेत ते बांधकाम उभे कसे राहिले, पाडकामाच्या नोटिशीला स्थगिती का मिळाली, आणि पोलीस मागावर निघण्याआधी मालक थायलंडला कसे पोहोचले, हे सारे प्रश्न रास्तच होते. परंतु मृतांतील दर पाचांमागे चौघे तेथे मौजेसाठी नव्हे, पोटासाठी आले होते, ही गोष्ट त्या गदारोळात जवळजवळ हरवली. ‘पर्यटकांची सुरक्षा’ हे शब्द त्या दिवसांत आमच्या कानांवर इतके पडले की त्यांचा वीट यावा. कामगारांच्या सुरक्षेचा उच्चार मात्र कोणी केला तर ओझरताच केला.

ही केवळ सहृदयतेची उणीव असती तर तिच्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. प्रश्न कायद्याचा आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता संसदेने २०२० साली संमत केली आणि पाच वर्षे बासनात राहिल्यानंतर ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. आरपोऱ्याला आग लागली तेव्हा या कायद्याचे वय अवघे पंधरा दिवसांचे होते. पंधरा दिवसांत एखादा कायदा कोणाचे प्राण वाचवील अशी अपेक्षा कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. पण आगीनंतर झालेल्या चर्चेत त्याची आठवणही फारशी कोणाला होऊ नये, हे आश्चर्य आहे.

या संहितेचे महत्त्व गोव्याला अन्य राज्यांहून अधिक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ‘कारखाना’ या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यातून हॉटेल, उपाहारगृह आणि खानावळ स्पष्ट शब्दांत वगळलेली होती. त्यामुळे वास्कोच्या किंवा वेर्ण्याच्या कारखान्यातील कामगाराच्या वाट्याला निरीक्षक, सुरक्षेचे नियम आणि अपघाताची चौकशी आली. कळंगुटच्या हॉटेलात भट्टीसमोर बारा तास उभा राहणाऱ्या आचाऱ्याच्या वाट्याला आला तो १९७३ चा दुकाने व आस्थापना कायदा. म्हणजे मुख्यत्वे कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि भिंतीवर टांगायची नोंदणी. गॅसची टाकी, उकळते तेल, विजेच्या तारांचे जंजाळ आणि बाहेर पडायला एकच अरुंद वाट, असे असतानाही स्वयंपाकघर हे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे ठिकाण ठरत नव्हते. ज्या राज्याचा चरितार्थ दिवसेंदिवस खाणीकडून किनाऱ्याकडे सरकत गेला, त्या राज्यात ही त्रुटी लहान नव्हे.

नव्या संहितेनेही हॉटेलाला कारखाना मानलेले नाही. परंतु दहा किंवा अधिक कामगार असलेला कोणताही उद्योग, व्यापार वा व्यवसाय तिने ‘आस्थापना’ या संज्ञेखाली आणला, आणि अशा प्रत्येक आस्थापनेच्या मालकावर काही कर्तव्ये लादली. (वृत्तपत्रांचा तर तिच्यात नावानिशी उल्लेख आहे, तेव्हा आमचे छापखाने आणि कचेऱ्याही त्यातून सुटत नाहीत, आणि सुटू नयेत.) कामाची जागा इजा वा रोग उत्पन्न करील अशा धोक्यांपासून मुक्त ठेवणे, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आणि सुरक्षेसाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचा आकार त्याच्याकडून न घेणे, ही त्यांतली काही. विहित केलेल्या वर्गांतील कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणीही मालकानेच विनामूल्य करून द्यावयाची आहे.

नेमणूकपत्र ही क्षुल्लक बाब वाटेल. आरपोऱ्यात कित्येक मृतदेह कोणाचे हे ठरवायला वेळ लागला. मेलेली माणसे उत्तराखंड, झारखंड, आसाम अशा दूरदूरच्या प्रांतांतून, काही तर नेपाळातून आलेली होती. त्या रात्री इमारतीत कोण कोण कामावर होते याची चोख यादी प्रत्येक हॉटेलच्या दारापाशी असली पाहिजे. अग्निशामक दलाच्या जवानाला आत शिरताना पहिली गरज तिची असते. ज्याचे नावच कागदावर नाही, त्याच्या सुरक्षेची जबाबदारी मालकावर कशी शाबीत करणार?

आता संहितेतील ज्या कलमामुळे आम्ही ही लेखणी हाती घेतली, त्याकडे वळू. कर्तव्य ‘मालकाचे’ असे म्हटले, पण मालक म्हणजे कोण? कारखान्याच्या बाबतीत उत्तर स्वच्छ आहे. कंपनीचा कारखाना असेल तर तिच्या संचालकांपैकी कोणी तरी एक त्याचा भोगवटादार मानला जातो. हे उत्तर सुखासुखी मिळालेले नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे मारली, त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन ही तरतूद आली. तोवर कंपन्यांची रीत अशी की एखाद्या पगारी अधिकाऱ्याचे नाव भोगवटादार म्हणून कळवावे आणि संचालकांनी मोकळे व्हावे. उद्योगपतींनी या दुरुस्तीला आव्हान दिले. पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात ती उचलून धरली आणि कंपनीच्या बाबतीत संचालकाखेरीज दुसरा कोणी भोगवटादार होऊ शकत नाही असा निर्णय दिला. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, सुरक्षेची जबाबदारी त्याच्या शिरी, असे हे तत्त्व आहे.

हॉटेल, क्लब, दुकान, इस्पितळ अशा इतर आस्थापनांच्या बाबतीत मात्र संहिता वेगळेच सांगते. तेथे मालक म्हणजे आस्थापनेच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती. आणि हा कारभार व्यवस्थापकाकडे किंवा व्यवस्थापकीय संचालकाकडे सोपवलेला असेल तर, तो व्यवस्थापक! जुन्या कायद्यांतून उचललेली ही शब्दयोजना वकिलांना नित्याची वाटेल. पण कारखान्याच्या दाराला जे कुलूप १९८७ साली मोठ्या किमतीने बसवले, ते हॉटेलच्या दाराला बसवायचे राहून गेले, असाच याचा अर्थ आम्हाला दिसतो. संहितेत कंपन्यांच्या अपराधांविषयी स्वतंत्र कलम आहे आणि कारभाराची जबाबदारी असलेल्या माणसांना ते दोषी धरते, हे आम्ही जाणतो. पण आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती असे सिद्ध करून सुटण्याची मुभाही त्याच कलमात आहे. दिल्लीत बसून गोव्यात क्लब चालवणाऱ्याला ‘मला माहीत नव्हते’ म्हणणे जेवढे सोपे, तेवढे दाराशी उभ्या असलेल्या मॅनेजरला कधीही असणार नाही.

आरपोऱ्याच्या प्रकरणात पहिल्या अटका झाल्या त्या व्यवस्थापकांच्याच. मालकांना थायलंडहून परत आणायला १६ डिसेंबर उजाडला. कोण दोषी हे न्यायालय ठरवील आणि त्याविषयी येथे काहीही सुचवण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. व्यवस्थापक हा महिन्याच्या पगारावर काम करणारा इसम. दुसरा जिना बांधायला लागणारे लाखो रुपये तो मंजूर करू शकत नाही, गर्दीच्या शनिवारी ‘आज दारे बंद’ असे म्हणू शकत नाही, आणि म्हणालाच तर सोमवारी दुसरा व्यवस्थापक येतो. गोव्याच्या खाणींत काम केलेली माणसे सांगतील की खाणीचा व्यवस्थापक प्रमाणपत्रधारी असावा लागतो आणि कायद्याने त्याला स्वतःचे असे अधिकार असतात. नाइट क्लबच्या मॅनेजरला यांतले काय आहे? अधिकार नसलेल्या माणसावर कर्तव्य ठेवणे म्हणजे बळीचा बकरा आधीच खुंटीला बांधून ठेवण्यासारखे आहे.

ज्या ब्रिटनच्या कायद्यांवर आपले कारखाने कायदे बेतले गेले, तेथे हा विचार पन्नास वर्षांपूर्वीच झाला. लॉर्ड रॉबेन्स यांच्या समितीने १९७२ साली अहवाल दिला, आणि १९७४ च्या कायद्याने कारखाना, शेत, शाळा, हॉटेल असा भेद न करता सर्व मालकांवर एकच सामान्य कर्तव्य टाकले. संचालकाच्या संमतीने, संगनमताने किंवा दुर्लक्षाने अपराध घडला तर कंपनीबरोबर तोही व्यक्तिशः दोषी, असे त्यात म्हटले आहे. ऑस्ट्रेलियाने २०११ च्या आदर्श कायद्यात याही पुढे पाऊल टाकले. तेथे दक्षता ही आरोप आल्यावर पुढे करायची ढाल राहिलेली नाही. तीच पदाधिकाऱ्याचे कर्तव्य झाली आहे. आपल्या व्यवसायातले धोके समजून घेणे, त्यांच्या निवारणासाठी पैसा आणि माणसे पुरवणे आणि ती खरोखर वापरली जातात की नाही हे तपासणे त्याला भाग आहे. अपघात झालाच नसला तरीही. ‘मला माहीत नव्हते’ हा तेथे बचाव ठरत नाही, तो अपराधाचा कबुलीजबाब ठरतो.

कर्तव्ये कामगारांवरही आहेत, आणि ती असायला हवीत. स्वतःची व इतरांची काळजी घ्यावी, सुरक्षेच्या साधनांशी खेळू नये, धोका दिसताच कळवावे, असे संहिता सांगते. तात्काळ प्राणसंकटाची रास्त भीती वाटल्यास ते मालकाच्या आणि निरीक्षकाच्याही नजरेस आणण्याचा हक्क ती देते. मात्र अशा वेळी काम थांबवून बाहेर पडण्याचा हक्क तिने स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९८१ च्या करारात असा कामगार शिक्षेपासून संरक्षित असावा असे म्हटले आहे. हजार मैलांवरून आलेला, मालकानेच दिलेल्या खोलीत झोपणारा, दोन महिन्यांचा पगार अडकलेला पोरगा कोणाकडे तक्रार करणार? आमच्या गोव्याला भाटकार-मुंडकार संबंधांची चांगली ओळख आहे. राहते घर ज्याच्या जमिनीत, त्याच्यापुढे मान वर होत नाही, हे ओळखूनच १९७५ साली मुंडकारांना संरक्षण द्यावे लागले. किनाऱ्यावरच्या या नव्या मुंडकारांना तेवढेही नाही.

मग निदान देखरेख तरी? सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती पाचशे कामगारांच्या कारखान्याला, अडीचशेंच्या धोकादायक कारखान्याला किंवा बांधकामाला आणि शंभरांच्या खाणीला आहे. हॉटेल कितीही मोठे असो, त्या यादीत नाही. सुरक्षा समिती सरकारने आदेश काढला तर. निरीक्षकाचे नाव बदलून ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ केले आहे. नावाशी आमचे भांडण नाही. पण नाइट क्लबच्या स्वयंपाकघराची पाहणी कोणी करायची? पंचायत व्यापार परवाना पाहते, अग्निशमन संचालनालय आपला दाखला पाहते, अबकारी खाते दारू पाहते, प्रदूषण मंडळ सांडपाणी पाहते. आत काम करणाऱ्या माणसाला पाहण्याचे काम यांतल्या कोणाचेच नाही. परवान्यांची चळत उंच होत गेली म्हणून कामगार सुरक्षित होत नाही.

शिक्षेविषयी थोडक्यात. कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे; दंडापैकी निदान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पूर्वीच्या पंचवीस हजारांच्या किमान दंडापेक्षा हे बरे. परंतु ‘किंवा’ या एका शब्दामुळे पैसेवाल्याला तुरुंग टळू शकतो, आणि भोपाळच्या सात अधिकाऱ्यांना शिक्षा व्हायला २०१० साल उजाडले होते, हे लोक विसरलेले नाहीत.

राज्य सरकारला संसदेचा कायदा बदलता येणार नाही, पण हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. हॉटेले, क्लब आणि शॅक यांच्या पाहणीचे काम एकाच कार्यालयाकडे, आणि आमच्या मते कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडे, सोपवावे. त्या खात्याला धोका ओळखण्याचा अनुभव आहे. मोठ्या हॉटेलांना सुरक्षा समित्यांचा आदेश काढावा. परवान्याच्या प्रत्येक अर्जावर, कंपनी असो वा भागीदारी, अंतिम नियंत्रण कोणाचे त्या माणसाचे नाव, पत्ता आणि सही घ्यावी. व्यवस्थापकाची सही तेथे चालू नये. पावसाळा संपून पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरापूर्वी, एवढे तरी व्हावे. त्या सुमारास परप्रांतांतून पोरे पुन्हा थिवीच्या आणि मडगावच्या स्थानकांवर उतरू लागतील.