सर्व्हर उठेना, तर आधी त्याची चोपडी वाचा

पेण-रोह्याच्या बाजारपेठेत पोह्यांचा, तांदळाचा हिशेब आता लाल चोपडीऐवजी संगणकात असतो. बिलाच्या अनेक प्रणालींमागे एसक्यूएल सर्व्हर असतो. विंडोज ११च्या नव्या यंत्रावर तो बसविताना कधी अखेरच्या पायरीला सेवा सुरूच होत नाही. दुकानदार तीनतीनदा पुन्हा बसवत राहतो, व्यर्थ खटाटोप! सर्व्हर आपली तक्रार ‘एररलॉग’ नामक फाइलमध्ये स्वतःच लिहून ठेवतो. ती प्रथम वाचावी. तेथे ‘मिसअलाइन्ड’ शब्द दिसला, तर बहुधा डिस्ककडे पाहावे. सर्व्हरला ५१२ वा ४०९६ बाइटांचे सेक्टर चालतात. काही नव्या एनव्हीएमई डिस्क त्याहून मोठे सांगतात. मायक्रोसॉफ्टने सुचविलेली रजिस्ट्रीतील नोंद जाणकाराकडून करवून यंत्र पुन्हा चालू करावे. १४३३ क्रमांकाच्या पोर्टची तक्रार असल्यास तेथे दुसरेच कोणी ठाण मांडून बसलेले असते. सेवेच्या खात्याचा पासवर्ड चुकला असेल, तर मात्र नोंद विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सापडते. आणि जुने यंत्र पुसण्यापूर्वी, तेथील सेवा थांबवून, एमडीएफ व एलडीएफ फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावीच. सगळ्या उधारीची बाकी त्यांतच असते.